कोड लिहिणारा कोड: झाकली मूठ उघडायची कशी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे पायथनमधली जुनी सर्व्हिस आहे. वेगवेगळ्या फाइल फॉरमॅटसाठी हँडलर क्लास आहेत आणि एक मेटाक्लास (क्लास कसा बनावा हे ठरवणारा क्लास) ते सगळे आपोआप नोंदवतो. हे लिहिणारा सीनियर नोकरी सोडून गेला. गेल्या महिन्यात मी नवा हँडलर लिहिला, टेस्ट पास झाल्या, पण प्रॉडक्शनमध्ये तो सापडतच नव्हता. आता टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, हे मेटाप्रोग्रॅमिंग, म्हणजे कोड लिहिणारा कोड, मुळासकट उपटा. दुसरा म्हणतो, चालतंय तर हात लावू नका. मी जावातून आलोय. बाकीच्या भाषांत लोक हे कसं हाताळतात, आणि आम्ही काय करावं?"

आधी हँडलर कुठे हरवला ते सांगतो, कारण तो बहुधा एकाच जागी हरवलाय. मेटाक्लास नोंद करतो ती क्लासची व्याख्या चालते त्या क्षणी, आणि पायथनमध्ये व्याख्या चालते ते मॉड्यूल इम्पोर्ट होताना. तुमच्या टेस्टच्या फाइलनं नव्या हँडलरचं मॉड्यूल इम्पोर्ट केलं, म्हणून तिथे नोंद झाली. प्रॉडक्शनमध्ये ते कुणीच इम्पोर्ट केलं नाही. फाइल रिपॉझिटरीत आहे, सर्व्हरवर आहे, पण पायथनच्या लेखी तो क्लास अजून जन्मालाच आलेला नाही. जुने हँडलर चालतात, कारण कुठल्या तरी फाइलच्या डोक्यावर 'न वापरलेले' दिसणारे दहा-बारा इम्पोर्ट आहेत. ती फाइल शोधा. आणि कुणी लिंटरचं (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनाचं) ऐकून ते इम्पोर्ट साफ करायच्या आत तिथे एक कॉमेंट टाका.

आता मोठा प्रश्न. माझं दोन्ही तटांशी पटत नाही. वीसेक वर्षं वेगवेगळ्या भाषांमध्ये दुसऱ्यांचा कोड निस्तरल्यावर मी असला कोणताही प्रकार तपासताना एकच गोष्ट बघतो: तयार झालेला कोड माणसाला बघता येतो का, आणि कधी? कोड लिहिणारा कोड ही झाकली मूठ. म्हण तिला सव्वा लाखाची म्हणते. पण रात्री दोन वाजता सिस्टिम पडलेली असताना ती मूठ उघडता आली नाही, तर तो सव्वा लाख आपल्याच खिशातून जातो. भाषाभाषांमधला फरक मला याच अंगानं कळत गेला, म्हणून त्याच क्रमानं सांगतो.

सगळ्यात साधा प्रकार सी भाषेतल्या प्रीप्रोसेसरचा. त्याला सी कळतच नाही. तो मजकूर उचलतो आणि चिकटवतो. समजा 'वर्ग(अ)' नावाचा मॅक्रो, म्हणजे उलगडून कोड होणारं नाव, 'अ * अ' असा लिहिला. 'वर्ग(२ + ३)' दिलं की तयार होतं '२ + ३ * २ + ३', आणि उत्तर पंचवीसऐवजी ११ येतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मग सगळीकडे कंस घालायचे. कंस घातले तरी 'वर्ग(आय++)' मध्ये आय दोनदा वाढतो, आणि सीमध्ये अशा वेळी निकाल काय यावा याची भाषा कसलीच हमी देत नाही. दोन-तीन स्टेटमेंटांचा मॅक्रो 'डू … व्हाइल (०)' मध्ये गुंडाळायची पद्धतही याच चिकटवाचिकटवीतून आली. तसं केलं नाही, तर महिरपी कंस न लावलेल्या इफच्या पोटात तो मॅक्रो गेला की पुढचा एल्स निराधार होतो. एवढं सगळं असूनही सीचा मॅक्रो मला फारसा छळत नाही, कारण मूठ एका फटक्यात उघडते. जीसीसीला कॅपिटल ई हा पर्याय दिला की सगळे मॅक्रो उलगडलेला मजकूर समोर येतो. हेडरांमुळे (वर जोडलेल्या फाइलींमुळे) तो हजारो ओळींचा असतो, पण शेवटच्या शंभर ओळी आपल्याच असतात.

लिस्पवाल्यांनी हे फार आधी आणि फार चांगलं केलं होतं. टिमथी हार्ट यांनी १९६३ मध्ये एमआयटीतल्या एका मेमोत लिस्पसाठी मॅक्रो मांडले. लिस्पचा कोड म्हणजेच लिस्पची यादी, त्यामुळे मॅक्रोच्या हातात अक्षरं पडत नाहीत, वाक्याची रचना पडते. कंस विसरण्याची भानगड मुळातच संपते. उरते ती नावांची. दोन व्हेरिएबलांची अदलाबदल करणारा मॅक्रो लिहिला आणि त्यात तात्पुरतं व्हेरिएबल घेतलं, नाव ठेवलं 'टेम्प'. वापरणाऱ्याच्या कोडमध्येही 'टेम्प' असेल तर? एकाच वाड्यात दोन बाळू. हाक मारली एकाला, ओ दिली दुसऱ्यानं. जुने लिस्पवाले 'जेनसिम' वापरून दर वेळी कुणाशीच न जुळणारं नवं नाव बनवत. कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसन आणि ड्यूबा या चौघांनी १९८६ मध्ये हे काम मॅक्रो उलगडणाऱ्या यंत्रणेवरच सोपवायची रीत मांडली. तिला हायजिनिक मॅक्रो म्हणतात. स्कीमनं ती स्वीकारली. पुढे रस्टच्या साध्या मॅक्रोंमधली लोकल व्हेरिएबलं आणि एलिक्सरचे मॅक्रो त्याच वाटेनं गेले.

इथे नवशिक्यांचा एक गैरसमज हमखास होतो. हायजीनमुळे नावांची टक्कर टळते. दिलेली एक्स्प्रेशन दोनदा चालणं टळत नाही. मॅक्रोनं आर्ग्युमेंट दोन ठिकाणी टाकलं की ते दोनदा चालणारच, मग भाषा कितीही स्वच्छ असो. लिस्पचा मॅक्रो रिव्ह्यू करताना मी पहिल्यांदा तेच मोजतो. आणि शंका आली तर 'मॅक्रोएक्स्पँड-१' आहेच: एक पायरी उलगडून दाखवतो, आणि तीही चालत्या आरईपीएलमध्ये, म्हणजे ओळ लिहिली की लगेच उत्तर देणाऱ्या खिडकीत. अजून कुठल्याही भाषेत इतक्या सहज मूठ उघडताना मी पाहिलेली नाही.

सी++ ची गोष्ट निराळी, कारण तिथे मेटाप्रोग्रॅमिंग कुणी ठरवून केलंच नव्हतं. १९९४ मध्ये एर्विन उनरुह यांनी सी++ च्या स्टँडर्ड कमिटीच्या बैठकीत एक प्रोग्राम दाखवला. तो कंपाइल होतच नव्हता, पण कंपायलरच्या एरर मेसेजमध्ये ओळीनं मूळसंख्या छापून येत होत्या. टेम्प्लेट आणली होती वेगवेगळ्या टाइपसाठी तोच कंटेनर वापरता यावा म्हणून, आणि तिच्यात एक पूर्ण गणनायंत्र दडलंय हे असं उघडकीला आलं. ज्या यंत्रणेचा पहिला गाजलेला आउटपुट एरर मेसेजमधून आला, तिचे एरर मेसेज पुढची पंचवीस वर्षं लोकांना रडवत राहिले यात मला काहीच नवल वाटत नाही. सॉर्टला चुकीचा इटरेटर दिला की लायब्ररीच्या पोटातल्या, आपण कधी न पाहिलेल्या दहा-वीस टेम्प्लेटांची वंशावळ स्क्रीनवर येते.

सी++११ मधल्या कॉन्स्टएक्स्परनं यातला बराच त्रास कमी केला. कंपाइल होताना चालणारा कोड साध्या फंक्शनसारखा लिहिता येऊ लागला. सी++२० मधल्या कॉन्सेप्टमुळे 'तुमच्या टाइपमध्ये अमुक गोष्ट नाही' एवढं साधं वाक्य कंपायलर बोलू लागला. जून २०२५ मध्ये सोफियाच्या बैठकीत सी++२६ साठी कंपाइल-टाइम रिफ्लेक्शनही (प्रोग्रामनं स्वतःचीच रचना तपासण्याची सोय) मंजूर झालं. एनमच्या (ठरावीक नावांच्या यादीच्या) मूल्याचं नाव छापण्यासाठी लोकांनी तीस वर्षं जे मॅक्रो रचले, त्यांना आता सुटी मिळेल. आजच्या कोडमध्ये टेम्प्लेट उलगडून बघायचं असेल तर सीपीपी इनसाइट्स हे साधन उघडून ठेवा.

रस्टमध्ये दोन थर आहेत. साधे मॅक्रो नमुना जुळवून काम करतात. प्रोसीजरल मॅक्रो हा वेगळाच प्राणी: तो कंपायलरमध्ये जोडला जाणारा खराखुरा रस्ट प्रोग्राम असतो, टोकनांचा ओघ घेतो आणि टोकनांचा ओघ परत देतो. डिराइव्ह (टाइपसाठी ठरावीक कोड आपोआप बनवणारा मॅक्रो) लिहिण्याची सोय २०१७ च्या सुरुवातीला रस्ट १.१५ मध्ये स्थिर झाली, बाकीचे प्रकार २०१८ मध्ये १.३० पासून. याची मर्यादा जावातून आलेल्यांना उमजायला वेळ लागतो. मॅक्रोला टाइप कळत नाहीत, फक्त शब्द दिसतात. फील्डसमोर 'ऑप्शन' लिहिलेलं दिसलं तर तो भाषेतला ऑप्शन आहे की तुम्हीच त्या नावाचं काही बनवलंय, हे मॅक्रोला ठरवता येत नाही, कारण तो चालतो तेव्हा टाइप ठरलेलेच नसतात.

दुसरी गोष्ट विश्वासाची. प्रोसीजरल मॅक्रो तुमच्या मशीनवर, तुमच्या परवानग्या घेऊन, बिल्ड होताना चालतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्डे या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचा डिराइव्ह मॅक्रो लिनक्सवर आधीच कंपाइल केलेल्या बायनरीच्या रूपात येतोय हे लोकांच्या लक्षात आलं आणि गदारोळ झाला. हेतू बिल्डचा वेळ वाचवण्याचा होता. पण सोर्स वाचून खात्री करता येणार नाही असं काहीतरी आपल्या बिल्डमध्ये चालतंय, हे कुणालाच रुचलं नाही, आणि तो बदल लवकरच मागे घेतला गेला. तिथेही वाद मुठीचाच होता. 'कार्गो एक्स्पँड' चालवलं की मॅक्रोनं काय लिहिलं ते वाचता येतं. मॅक्रो स्वतः बायनरी असेल तर तो लिहिताना आणखी काय करतोय ते कसं वाचणार?

गो भाषेनं मॅक्रो ठेवलेच नाहीत. २०१४ मध्ये १.४ पासून 'गो जनरेट' आलं: कोड बनवणारा प्रोग्राम वेगळा चालवा, निघालेली फाइल इतर फाइलींसारखीच कमिट करा. पुष्कळांना हे खेडवळ वाटतं. मला नाही वाटत. डिफमध्ये दिसतं, ग्रेपमध्ये (मजकूर शोधणाऱ्या कमांडमध्ये) सापडतं, डीबगर त्यात थांबतो. गोची खरी दुखरी जागा स्ट्रक्ट टॅग, म्हणजे फील्डला जोडलेली टीप. तो नुसता स्ट्रिंग असतो, अवतरणचिन्ह चुकलं तरी कंपायलर ब्र काढत नाही, आणि जेसनमध्ये फील्डचं नाव भलतंच येतं. 'गो व्हेट' ते पकडतो, तेवढा सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) ठेवा. सी# मध्ये २०२० पासून सोर्स जनरेटर आहेत. त्यांनी एक शिस्त पाळलीय: जनरेटर नवा कोड जोडू शकतो, तुम्ही लिहिलेला बदलू शकत नाही. हा निर्णय फार शहाणपणाचा आहे.

आता जावा, म्हणजे तुमचं माहेर. रिफ्लेक्शन १९९७ मध्ये जेडीके १.१ बरोबर आलं, डायनॅमिक प्रॉक्सी १.३ मध्ये, अ‍ॅनोटेशन २००४ च्या जावा ५ मध्ये. या तिघांवर स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क उभी राहिली. इथला माझा एक जुना व्रण सांगतो.

पैशांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका सिस्टिमवर आम्ही काम करत होतो. रोज रात्री एक जॉब हजारो नोंदी घेऊन प्रत्येकीसाठी एक मेथड बोलवायचा: एका खात्यात वजा, दुसऱ्यात जमा. त्या मेथडवर 'ट्रान्झॅक्शनल' ('सगळं होईल, नाहीतर काहीच नाही' सांगणारं) अ‍ॅनोटेशन व्यवस्थित लावलेलं होतं. रिव्ह्यूमध्ये चार जणांनी ते बघितलं, त्यांत मीही होतो. एका रात्री डेटाबेसचं कनेक्शन मधेच तुटलं आणि सकाळी ताळा जुळेना. एका नोंदीत वजा झालं होतं, जमा झालंच नव्हतं. रोलबॅक झालाच कसा नाही, यावर आम्ही दीड दिवस घालवला. डेटाबेसच्या सेटिंगवर संशय घेतला, ड्रायव्हरवर घेतला, एकमेकांवरही घेतला.

कारण असं होतं. जॉबची मेथड आणि ट्रान्झॅक्शनवाली मेथड एकाच क्लासमध्ये होत्या. स्प्रिंगची नेहमीची पद्धत अशी की, तुमच्या ऑब्जेक्टपुढे ती एक प्रॉक्सी उभी करते. बाहेरून येणारा कॉल प्रॉक्सीतून जातो, ती ट्रान्झॅक्शन उघडते, मग आतल्या मेथडला बोलावते. प्रॉक्सी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. बाहेरून येणाऱ्याची तो वहीत नोंद करतो, पण स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाणाऱ्याची नोंद त्याच्या वहीत कशी होणार? आमचा कॉल 'धिस' वरून घरातल्या घरात होत होता. अ‍ॅनोटेशन दिसत होतं, पण त्याला विचारणारं कुणी नव्हतं. ती मेथड वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळते त्या ऑब्जेक्टमध्ये) हलवली आणि प्रश्न मिटला. 'ट्रान्झॅक्शन टेम्प्लेट' वापरून सीमा कोडमध्ये स्पष्ट लिहिणं हा दुसरा उपाय, आणि आज मी पैशांच्या कोडमध्ये तोच निवडतो. हे सगळं स्प्रिंगच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. आम्ही वाचलं नव्हतं.

जावाचं दुसरं दुखणं: रिफ्लेक्शननं प्रायव्हेट फील्डपर्यंत पोचायची सवय. २०१७ च्या जावा ९ मध्ये मॉड्यूल आले, १६ मध्ये जेडीकेचा आतला भाग मुळातच बंद ठेवला गेला, आणि १७ मध्ये तो सरसकट उघडायचा पर्यायही गेला. बरीच वर्षं निवांत चाललेल्या लायब्ररी अपग्रेडच्या दिवशी एकदम कोसळल्या. आणि ग्राल व्हीएमची नेटिव्ह इमेज (जावाचा आधीच कंपाइल केलेला, थेट चालणारा प्रोग्राम) बनवायला गेलात तर आणखी एक हिशेब चुकता करावा लागतो. ती बिल्डच्या वेळीच ठरवते की कुठले क्लास लागणार. स्ट्रिंगमधून नाव जोडून रिफ्लेक्शननं बोलावलेला क्लास तिला दिसत नाही, तो कॉन्फिगरेशनमध्ये लिहून द्यावा लागतो. म्हणजे माणसाला जे ग्रेप करून सापडत नव्हतं, ते यंत्रालाही सापडत नाही.

रूबीत सगळंच चालताना घडतं. 'मेथड मिसिंग' हा तिथला लाडका हुकूम: ऑब्जेक्टकडे नसलेली मेथड बोलावली की तो चालतो, आणि आत तुम्ही वाटेल ते करू शकता. एका प्रोजेक्टमध्ये सेटिंगसाठी असाच ऑब्जेक्ट होता. कुठलंही नाव विचारा, यादीत असेल तर मूल्य, नसेल तर निल, म्हणजे 'काहीच नाही'. कुणीतरी टाइमआउटच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर खाल्लं. निल मिळालं. ते गेलं एचटीटीपी क्लायंटकडे, आणि त्याच्या भाषेत निल म्हणजे 'अनंतकाळ वाट बघ'. पलीकडची सर्व्हिस अडकली त्या दिवशी आमचे सगळे वर्कर भाविकांसारखे रांगेत उभे. एरर एकही नाही. रूबीच्या स्टँडर्ड लायब्ररीतला ओपनस्ट्रक्टही असाच गप्प निल देतो, म्हणून तो मी वापरत नाही.

मेथड मिसिंग लिहायचंच असेल तर न ओळखलेल्या नावासाठी 'सुपर' बोलवा, म्हणजे नेहमीचा एरर येईल, आणि सोबत 'रिस्पाँड टू मिसिंग' लिहा, नाहीतर ऑब्जेक्ट एकीकडे उत्तर देतो आणि दुसरीकडे 'मला येत नाही' म्हणतो. नावांची यादी आधीच माहीत असेल तर मेथड मिसिंगच्या वाटेला जाऊच नका; 'डिफाइन मेथड' वापरा. तयार झालेल्या मेथड मग यादीत दिसतात. रेल्सनंही कॉलमांची नावं जोडून बनणारे बहुतेक डायनॅमिक फाइंडर ४.० मध्ये निवृत्तीला काढले.

दुसऱ्याच्या क्लासमध्ये मेथड घुसवण्याची, म्हणजे मंकी पॅचिंगची, शिक्षा किती लांबवर भोगावी लागते याचं उत्तम उदाहरण जावास्क्रिप्टमध्ये आहे. मूटूल्स या जुन्या लायब्ररीनं अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवर (सगळ्यांना समान असलेल्या मूळ ऑब्जेक्टवर) स्वतःची 'फ्लॅटन' मेथड बसवली होती. पुढे भाषेनं त्याच नावाची अधिकृत मेथड आणायचं ठरवलं. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच मूटूल्सवरची एक साइट मोडली. कारण बारीक आहे. भाषेची स्वतःची मेथड फॉर-इन लूपमध्ये दिसत नाही. मूटूल्सनं तिच्यावर आपली मेथड लिहिली तरी तो न दिसण्याचा गुण तसाच राहतो, आणि मूटूल्स तर पुढे याच लूपनं मेथड कॉपी करत होती. थट्टेत 'स्मूश' असं नाव सुचवलं गेलं, बरीच भांडणं झाली, आणि शेवटी ईएस२०१९ मध्ये, म्हणजे भाषेच्या २०१९ च्या आवृत्तीत, नाव आलं 'फ्लॅट'. 'कंटेन्स'चं 'इन्क्लूड्स' होण्यामागेही हीच लायब्ररी. आपण लिहिलेली एक मेथड पुढे भाषेतली नावं ठरवू शकते, हे त्या टीमच्या स्वप्नातही नसेल.

आता तुमच्या पायथनकडे. पायथनमध्ये मूठ अर्धी उघडी असते. डेटाक्लास (फील्डांवरून क्लासचा नेहमीचा कोड बनवणारं साधन) कन्स्ट्रक्टर कसा बनवतो ठाऊक आहे का? चक्क पायथनचा मजकूर जुळवून 'एक्झेक' करतो. नेम्डटपलही एके काळी पूर्ण क्लासचा मजकूर असाच बनवायचा, आणि तो मजकूर बघायला 'सोर्स' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट द्यायचा, ३.७ मध्ये ते काढलं गेलं. मला ते आवडायचं.

रोजच्या कामात चटके बसतात ते तीन-चार जागीच. डेकोरेटर (दुसऱ्या फंक्शनला गुंडाळणारं फंक्शन) लिहिताना 'फंकटूल्स'मधला 'रॅप्स' विसरलात तर लॉगमध्ये सगळ्या फंक्शनांचं नाव 'रॅपर' येतं. लूपमध्ये मेथड बनवल्या तर सगळ्या लूपच्या शेवटच्या मूल्याकडे बोट दाखवतात; मूल्य डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये बांधून टाका. आणि डंडर (म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं) गेटअ‍ॅट्र लिहून दुसऱ्या ऑब्जेक्टकडे कॉल ढकलणारा क्लास बनवलात तर त्याची एकदा कॉपी करून बघा. कॉपी आणि पिकल (ऑब्जेक्ट साठवून परत उभा करणारं साधन) नवा ऑब्जेक्ट इनिट न चालवता बनवतात. मग त्याच्यावर डंडर सेटस्टेट आहे का विचारतात. ते नाही, म्हणून गेटअ‍ॅट्र चालतं. ते आतला टार्गेट मागतं. टार्गेट अजून ठेवलेलाच नाही, म्हणून पुन्हा गेटअ‍ॅट्र. असं रिकर्शन एररपर्यंत. गेटअ‍ॅट्रच्या पहिल्या ओळीत डंडर नावं आणि टार्गेटचं नाव सरळ अ‍ॅट्रिब्यूट एरर देऊन परत पाठवा.

तुमच्या मेटाक्लासचं काय करायचं? नोंदणीसाठी मेटाक्लासची गरज २०१६ मध्येच संपली. पायथन ३.६ मध्ये 'इनिट सबक्लास' हा हुक आला: बेस क्लासमध्ये तो लिहिला की प्रत्येक उपक्लास जन्मताना तो चालतो. फायदा असा की मेटाक्लासची टक्कर होत नाही. तुमच्या टीममध्ये कधी ना कधी कुणी हँडलरला एबीसीचा (पायथनच्या अमूर्त बेस क्लासचा) वारसा द्यायला गेलं असेल, आणि 'मेटाक्लास कॉन्फ्लिक्ट' बघून परत आलं असेल. बदलताना फॉरमॅटचं नाव क्लासच्या नावातून ओढून काढू नका. क्लासच्या व्याख्येत कीवर्ड आर्ग्युमेंट म्हणून मागा. ते दिलं नसेल तर नोंदवू नका, म्हणजे मधले बेस क्लास आपोआप वगळले जातात. एकच फॉरमॅट दोनदा आला तर एरर द्या.

त्या कीवर्डच्या नियमात एक फास आहे, तो आधीच सांगतो. हँडलरवर 'स्लॉट्स' (फील्डांची नावं आधीच पक्की करणारा पर्याय) चालू करून डेटाक्लास लावला असेल, तर डेटाक्लास त्याच नावाचा अगदी नवा क्लास बनवतो, आणि इनिट सबक्लास दुसऱ्यांदा चालतो, पण या वेळी कीवर्ड आर्ग्युमेंट न मिळता. म्हणून नवा क्लास नोंदवलाच जात नाही, यादीत स्लॉट्स नसलेला जुनाच राहतो, आणि फाइलीत तर क्लास एकच दिसेल. अशा हँडलरना स्लॉट्स देऊ नका.

इम्पोर्टचा मूळ प्रश्न मात्र हुक बदलून सुटत नाही. त्याला दोन वाटा. 'पीकेजीयूटिल'नं हँडलरांच्या पॅकेजमधली सगळी मॉड्यूलं शोधून सर्व्हिस सुरू होतानाच इम्पोर्ट करायची, ही एक. दुसरी वाट इतकी साधी की लोकांना ती सुचवायची लाज वाटते: एका फाइलीत डिक्शनरी लिहा, डावीकडे फॉरमॅट, उजवीकडे क्लास. हँडलर तीसच्या आत असतील तर मी डोळे झाकून हीच घेतो. नवा हँडलर जोडताना एक ओळ जास्त लिहावी लागते, पण 'पीडीएफ कोण हाताळतं' हे विचारणाऱ्याला उत्तर एका ग्रेपमध्ये मिळतं, एडिटर आणि टाइप चेकरलाही ते कळतं. आपोआप नोंदणीचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा हँडलर तुमच्या रिपॉझिटरीबाहेरचे लोक लिहितात; आणि त्यासाठी पॅकेजांचे एंट्री पॉइंट (पॅकेजनं आपले क्लास बाहेर जाहीर करायची सोय) आहेत.

दोन्ही तटांना मान्य होईल असा क्रम हवा असेल तर सोमवारी फक्त सर्व्हिस सुरू होताना नोंदलेल्या हँडलरांची यादी लॉगमध्ये छापा. त्याला कुणी नाही म्हणणार नाही. मग एक टेस्ट लिहा, जी नव्या पायथन प्रोसेसमध्ये सर्व्हिस सुरू करणारं मुख्य मॉड्यूल तेवढं इम्पोर्ट करते आणि ती यादी अपेक्षित यादीशी ताडून बघते. नवी प्रोसेस हवीच, कारण त्याच प्रोसेसमध्ये बाकीच्या टेस्टनी हँडलर आधीच इम्पोर्ट करून ठेवलेले असतील आणि ही टेस्टही तुमच्या मागच्या टेस्टइतकीच खोटी पास होईल. ती टेस्ट एकदा उभी राहिली की मेटाक्लास काढायचा पुल रिक्वेस्ट कुणीही करू शकेल, तुमच्या टीममधला सगळ्यात नवा माणूससुद्धा.